प्रेषकाचा पूर्ण पत्ता

दि. ९ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मी, तुझा थोरला भाऊ, घरात अण्णा आणि कचेरीत माझ्या पाठीमागे ‘कानामात्रा’ या नावाने ओळखला जाणारा, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, हल्ली वाणिज्य खात्याच्या ऑनलाइन व्यापार सज्जता कक्षाचा निबंधक, हे पत्र दोन कारणांनी लिहीत आहे. पहिले कारण सरकारी आहे. एक फेब्रुवारीपासून प्रेषकाचा पूर्ण पत्ता नसलेले कोणतेही पार्सल स्वीकारले जाणार नाही, आणि तुझ्या पार्सलांवर नुसते ‘उत्तर केंद्र’ असे, ती जेथे जमा होतात त्या केंद्राचे नाव लिहिलेले असते. दुसरे कारण असे, की तू जिवंत आहेस हे मला मंगळवारी कळले.

तू कोठे राहतेस ते मला ठाऊक नाही आणि मी ते विचारणार नाही. प्रत्येक विक्रेत्याला कक्षातर्फे रिकामी खोकी, कागद आणि सुतळी मोफत मिळते. तुझ्या दुकानाच्या नावाने जाणाऱ्या गठ्ठ्यात, खोक्यांच्या घड्यांमध्ये, हे पत्र ठेवतो आहे. उत्तर केंद्र चालवणारी औषधवाली तो गठ्ठा ज्याचा त्याच्या हातात देते, दुसऱ्याच्या देत नाही, अशी माझी खात्री झालेली आहे.

मंगळवारी मी वर्गीकरणाच्या गोदामात तपासणीला गेलो होतो. जकातीचे जुने गोदाम आहे. सगळ्या केंद्रांचा माल तेथे येतो आणि तेथूनच विमानतळाकडे जातो. टपालबाई एका पुडक्याशी झटत होती. सुतळीची गाठ वर कोठे दिसेना. ती म्हणाली, “कात्री द्या रे कोणीतरी. बाईनं माल बांधलाय की तिजोरी?” मी पुडके हातात घेतले. गाठ खालच्या कोपऱ्यात, कागदाच्या घडीखाली दडवलेली होती. शेपूट ओढले आणि सगळे एका झटक्यात मोकळे झाले. आत कापडी गुंड्या होत्या, रंगवार लावलेल्या. टपालबाई म्हणाली, “साहेब, हातचलाखी पण येते का?” मी सुतळी गुंडाळत राहिलो.

ही गाठ बाबांनी दुकानात बसून स्वतः शोधली होती. गिऱ्हाइकाच्या घरी कात्री असेलच असे नाही, म्हणून. ती त्यांनी तिघांना शिकवली. मला, तुला, आणि दुकानात कामाला ठेवलेल्या ज्या माणसाशी पुढे तुझे लग्न झाले त्याला. आता ती बांधणारे हात माझे नव्हते, आणि मेहुण्यांना गुंड्या शिवता येत नाहीत.

तू गेलीस तेव्हा शेजारणीपाशी निरोप ठेवला होतास, “अण्णांना सांगू नका. कोणी विचारलं तर ते खरं सांगून मोकळे होतील.” हे वाक्य मला लागले. अजून लागते. दुकानाचे शटर मेहुण्यांच्या हातून तुझ्या हातावर ‘निसटले’, त्या दिवशी पोलीस चौकीत तुझ्या शेजारी मी उभा होतो. “नवराबायकोचं घरात मिटवा,” असे तो हवालदार म्हणाला तेव्हा टेबलावर हात आपटणारा मीच होतो. तरी तू मला सांगितले नाहीस. असो.

पत्त्याचे काहीतरी करावे लागेल. नियमाचा मसुदा माझा आहे, त्यामुळे त्यात फट कोठे आहे हेही मलाच शोधावे लागेल.

तुझा,
अण्णा


दि. २७ जानेवारी

चि. धाकटीस,

तुझा निरोप पोहोचला. औषधवालीने फोनवर शब्द न् शब्द सांगितला: “ती म्हणते, पत्र मिळालं, पांढरी सुतळी संपत आलीय, आणि पुन्हा लिहू नका.” पांढरी सुतळी पाठवली आहे. तिसरी सूचना मला पाळता येत नाही.

आमच्या कक्षात काय चालले आहे ते तुला समजले पाहिजे, कारण त्याचा संबंध तुझ्याशी येतो. आपला देश अल्पविकसितांच्या यादीत आहे. अशा देशांतल्या कारागिरांना जगभर माल विकता यावा यासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळी मदतीला आली आहे, आणि त्यांची तज्ज्ञबाई गेले वर्षभर माझ्या समोरच्या टेबलावर बसते. हुशार आहे, कामसू आहे, आपली भाषा पुस्तकातून शिकली आहे. तिने तपासणी केली: पैसे भरण्याची सोय बरी, इंटरनेट जेमतेम, कायदा कच्चा, पण सगळ्यात मोठी अडचण पत्त्याची. आपल्या शहरांत रस्त्यांना नावे नाहीत आणि दारांना क्रमांक नाहीत. तिने एका चपला करणाऱ्याला त्याचा पत्ता विचारला.

“पिवळ्या टाकीच्या पुढं, शिंपी बसायचा तिथं.”

“शिंपी आता बसतो का?”

“नाही हो. वारला.”

“मग लोकांना कसं कळतं?”

“तो वारला हे सगळ्यांना माहीत आहे की.”

ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग तिने वहीत लिहिले की पत्ता नाही तर व्यापार नाही. मी दुजोरा दिला. मनापासून दिला, मला या देशातला गोंधळ कधीच आवडला नाही. तेव्हापासून माणसे शिड्या घेऊन फिरत आहेत आणि प्रत्येक नोंदणीकृत विक्रेत्याच्या दारावर निळी पाटी ठोकत आहेत. नमुना मी मंजूर केलेला आहे: पांढरे अंक, लांबून वाचता येतील असे.

तुझ्या दारावरही ती बसली असेल. तिचा क्रमांक माझ्या संगणकात आहे. मी तो उघडून पाहिलेला नाही, पाहणार नाही. कोणी मला विचारलेच, तर ‘मला ठाऊक नाही’ हे मला खरे म्हणून सांगता आले पाहिजे. एवढी काळजी मी घेतो आहे, हे तुला कळावे.

तुझ्या पार्सलांसाठी फट सापडली. कलम सातखाली ‘केंद्रचालकाच्या जबाबदारीवर’ केंद्राचाच पत्ता प्रेषकाचा म्हणून चालेल, असे पोटकलम मी घातले. माझ्या नोकरीतली ही पहिली सवलत. आमचा कारकून म्हणाला, “साहेब, बरं वाटत नाही का आज?”

गाठीचेही पाहिले. तुला ती बदलायला सांगणे सोपे होते, पण परदेशातून परत आलेली तुझी काही पार्सले गोदामाच्या फळीवर पडून आहेत आणि ती गाठ त्यांच्यावर आहे. पुढे त्या गोदामात कोणाकोणाची ये-जा होईल ते सांगता येत नाही. तेव्हा मी उलटा मार्ग धरला. दमट हवेत सेलोटेप सुटते, पुडकी फुटतात, ही तक्रार होतीच. बाबांची गाठ हीच प्रमाण बांधणी म्हणून मी सुचवली, तिची आकृती स्वतः काढली, आणि आता सर्व केंद्रांत ती शिकवली जात आहे. पंधरवड्याभरात देशातले प्रत्येक पार्सल तुझ्यासारखेच दिसेल. आकृती चांगली जमली आहे. सुतळीचा वेढा कागदाच्या घडीखाली जातो ते दाखवणे अवघड होते.

पार्सले वाहून नेण्याचे कंत्राटही याच महिन्यात दिले गेले. निविदा सर्वांत कमी दराची होती आणि कागदपत्रांत मला एकही चूक सापडली नाही.

अण्णा


दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. कंत्राट मेहुण्यांना मिळाले आहे.

तू हे वाचून पत्र खाली ठेवशील, म्हणून घाईने पुढचे लिहितो. तू गेल्यानंतर त्यांनी दुकान विकले आणि गाड्या घेतल्या. आधी एक, मग चार. भाजी वाहिली, सिमेंट वाहिले, निवडणुकीत माणसे वाहिली. निविदा त्यांच्या कंपनीच्या नावाने आली होती आणि मालकाचे नाव चौथ्या पानावर होते. ते वाचल्यावर मी पहिल्या पानापासून पुन्हा तपासणी सुरू केली. कोठे तरी काना, कोठे तरी मात्रा, एखादी तारीख, एखादी सही चुकलेली असावी म्हणून मी दोन दिवस घालवले. काही सापडले नाही. बाबांच्या दुकानात मीच त्यांना कागद नीट ठेवायला शिकवले होते. नियमाप्रमाणे नाकारता येत नव्हते आणि नियमाबाहेर मी कधी काही नाकारलेले नाही. सही केली.

परवा ते कचेरीत आले. बारीक झालेत, केस काढून टाकलेत. दार लोटण्याआधी विचारले, “येऊ का अण्णा?” बसायला सांगेपर्यंत उभे राहिले. तज्ज्ञबाईंना नमस्कार केला, त्यांच्या टेबलावर कलंडलेला पेनांचा डबा सरळ केला. त्या बाहेर जाताना मला म्हणाल्या, “तुमचे नातेवाईक किती सभ्य आहेत.” मी म्हणालो, “होय.” सभ्य ते आहेतच.

त्यांच्या हातात बांधणीचे माहितीपत्रक होते. त्यांनी ते माझ्यासमोर पसरले आणि तळहाताने घडी सपाट केली.

“ही आकृती तुम्हीच काढलीत ना?”

“होय.”

“बाबांची गाठ सरकारी झाली की. बाबांना केवढा आनंद झाला असता.”

“सेलोटेप दमट हवेत सुटते,” मी म्हणालो.

“सुटते ना. आमच्या गाडीत पण सुटते.” ते आकृतीकडे पाहत राहिले. “एक कळत नाही अण्णा. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली. दुकान बंद झालं. तुम्ही या खुर्चीवर बसलात त्यालाही बरेच दिवस झाले. इतके दिवस तुम्हाला ही गाठ आठवली नाही. मग आत्ताच कशी आठवली?”

पंख्याने माहितीपत्रकाचा कोपरा उडत होता. त्यांनी त्यावर बोट ठेवले.

“मला वाटतं तुम्ही ती कुठंतरी बघितलीत.”

मला ती सरळ नजर सहन झाली नाही, हे कबूल करतो.

“तिचा पत्ता आहे तुमच्याकडे?”

“ती कोठे राहते हे मला ठाऊक नाही.”

हे अक्षरशः खरे होते. त्यांनी मान डोलावली. “मग नसेलच ठाऊक. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मी सगळ्यांना सांगतो.” जाताना खुर्ची टेबलाखाली सारली. दारात थांबून म्हणाले, “मी रागावलेलो नाही अण्णा. माणूस घरातून निघून जातं, तर निदान का गेलं ते समोर बसून सांगावं. एवढंच म्हणणं आहे माझं.”

त्यांचा आवाज चढला असता तर मला बरे वाटले असते.

तुझी गाठ लपवायला मी सगळ्या देशाला ती शिकवली, आणि ज्या एका माणसापासून लपवायची होती त्यालाच मी कळवले की लपवण्यासारखे काहीतरी आहे. माहितीपत्रक निघाले नसते तर फळीवरची ती पुडकी त्यांनी न बघता गाडीत टाकली असती. मला ते आता दिसते. तेव्हा मला फक्त आकृती दिसत होती.

औषधवालीकडे येणे थोडे दिवस बंद ठेव. गुंड्या दुसऱ्या कोणाच्या हाती पाठव.

अण्णा


दि. २६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

हे पत्र गठ्ठ्यातून पाठवत नाही. औषधवाली औषधे घ्यायला शहरात आली आहे, तिच्या हातात देतो आहे. तू आजच वाच.

एक मार्चपासून सर्व केंद्रे बंद होत आहेत. यापुढे पार्सल केंद्रावर आणून द्यायचे नाही. कंत्राटदाराची गाडी विक्रेत्याच्या दारातून ते उचलील. तज्ज्ञबाईंनी हे इतर देशांत करून दाखवले आहे. लांबून पायी येणाऱ्या बायकांचे हाल वाचतात आणि विक्री वाढते, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. निळ्या पाट्या त्यासाठीच होत्या. केंद्रच नसले की माझे पोटकलमही उरत नाही. त्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मार्गावरच्या दारांचे क्रमांक कंत्राटदाराला मिळणार.

टपालबाईने मला बाजूला घेऊन सांगितले, “तुमचे मेहुणे रोज गोदामात येतात हो. मी म्हटलं माल मोजत असतील. मोजत नाहीत, वाचत नाहीत. नुसती पुडकी हातात घेतात आणि गाठीवरनं बोटं फिरवतात. डोळे मिटून. मला तर बाई कसंतरीच होतं.”

मी तिला विचारले, कोणत्या पुडक्यापाशी थांबले का? ती म्हणाली, “काल थांबले. उत्तरेकडच्या फळीपाशी, त्या गुंड्यांच्या पुडक्याजवळ. मग मला चहाला पैसे देऊन गेले.”

शिकवलेली गाठ आणि अंगात मुरलेली गाठ यांत फरक असतो, हे मला माझ्या आकृतीत दाखवता आले नाही. त्यांना तो बोटांनी कळला. त्यातून तुझी दोन बोटे वाकत नाहीत, त्यामुळे शेवटचा वेढा नेहमी डावीकडे झुकतो. हे मी त्या मंगळवारीच पाहिले होते. ती बोटे कशाने अधू झाली हे ज्याला सर्वांत चांगले ठाऊक आहे, त्यालाही ते दिसले असणारच.

आज त्यांच्या कचेरीतून मार्गांचा तक्ता आला. प्रत्येक मार्गापुढे चालकाचे नाव आहे. उत्तरेच्या मार्गापुढे त्यांचे स्वतःचे आहे.

तुझे नाव काढून टाकण्याचा विचार मी केला. काढलेल्या नावांची यादी कंत्राटदाराला आपोआप जाते. उत्तरेचे एकच नाव त्यात असले तर ते अधिकच डोळ्यांत भरेल. मार्ग बदलून देण्याचा विचार केला. तो हक्क करारात त्यांना आहे. करार मी लिहिला आहे, आणि दुर्दैवाने चांगला लिहिला आहे.

मग मी तज्ज्ञबाईंना सगळे सांगितले. तू, शटर, चौकी, गाठ. त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, “पत्ता नसणं ही अडचणच असते, असं आम्ही धरून चाललो. कोणी मुद्दाम बिनपत्त्याचं राहत असेल, हा प्रश्न आमच्या एकाही फॉर्ममध्ये नाही.” मग त्यांनी लगेच फोन लावला. सीमेपलीकडे त्यांच्या संस्थेचे एक कामघर आहे. तेथे बायका एकत्र राहतात, एकत्र शिवतात, आणि सगळ्यांचा माल एकाच टपालपेटीच्या नावाने जातो. कोण कोणत्या खोलीत आहे ते बाहेर कळत नाही. तुझी जागा झाली आहे. तिकडे आठवड्यातून एकच बस जाते, आता ती एक तारखेला दुपारी आहे. औषधवाली तुला थांब्यावर सोडील. गुंड्या घे, सुया घे, बाकी सगळे राहू दे.

पण गाड्या सकाळी निघतात आणि बस दुपारी आहे. मधल्या वेळाची तजवीज करायची म्हणजे मला आधी तुझे दार कोणते ते माहीत हवे.

म्हणून आज मी तुझा पत्ता उघडून पाहिला. आता मला ठाऊक आहे. यापुढे मला कोणी विचारले, तर ‘ठाऊक नाही’ हे उत्तर माझ्यापाशी उरलेले नाही.

अण्णा


दि. १ मार्च

धाकटे,

हे तू बसमध्ये वाचत असशील. नसशील, तर वाचणे थांबव आणि आधी बसमध्ये बस.

काल ते क्रमांक घ्यायला आले. चालकाचा खाकी शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. मी उत्तर मार्गाचे नुसते क्रमांक, दुकानांच्या नावांशिवाय, छापून समोर ठेवले. त्यांनी ते पाहिलेच नाहीत.

“कापडी गुंड्यांचं दुकान कुठलं, ते तेवढं तोंडी सांगा.”

कारकून शेजारच्या टेबलावर होता, तज्ज्ञबाई समोर होत्या. मी म्हणालो, “नदीपलीकडे. मिठागराच्या रस्त्याला, वजनकाट्याच्या गोदामावरची खोली. दार क्रमांक अकरा.”

“नदीपलीकडे? तिकडे तर कुत्रं फिरकत नाही.”

“म्हणूनच असेल.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. या वेळी मला ती नजर सहन झाली, याचे मला स्वतःला आश्चर्य वाटले.

“अण्णा, तुम्ही कधी खोटं बोललेलं मला आठवत नाही.”

“मलाही नाही,” मी म्हणालो.

ते हसले. खरोखर मोकळे हसले, बाबांच्या वेळी दुकानात हसायचे तसे, आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, “उपकार झाले. पहिली फेरी तिकडचीच करतो.” ते गेल्यावर कारकुनाने मला पाण्याचा पेला आणून दिला. मी तुझ्या दाराची नोंद बदलली तेव्हा तज्ज्ञबाईंनी आपला चेहरा भिंतीकडे वळवला.

खोली रिकामी आहे. वजनकाट्याचा कारकून येथे राहत असे. काटा बंद झाला आणि तो निघून गेला. एक टेबल आहे, एक बाक आहे, खिडकीच्या काचेवर मिठाचा थर बसला आहे. निळी पाटी काल संध्याकाळी मीच ठोकून घेतली. दाराला आतून कडी आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवण्यासारखी ती नाही.

रिकाम्या दारावर टकटक करून ते लगेच परत फिरले असते. गाड्या नेणारा नदीचा तराफा मागे वळायच्या आत ते त्यावर असते आणि यादीतली बाकीची दारे ठोठावत तुझ्या गल्लीत बस सुटण्याच्या आधी पोहोचले असते. दार कोणीतरी उघडले पाहिजे. तेथे ते बसले पाहिजेत, त्यांना बोलायला माणूस पाहिजे, आणि तराफा त्यांच्याशिवाय पलीकडे गेला पाहिजे. त्यानंतर तो उतरत्या उन्हापर्यंत येत नाही. का गेली ते समोर बसून सांगावे, एवढेच म्हणणे आहे असे ते म्हणाले होते. मी समोर बसेन आणि सांगेन. सांगण्यासारखे पुष्कळ आहे. शटरपासून सुरू करायचे ठरवले आहे.

त्यानंतर काय, ते मला माहीत नाही. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे आणि ते सिमेंटची पोती उचलतात. तज्ज्ञबाई संध्याकाळी दोन माणसे घेऊन येणार आहेत. त्या वेळेवर येतात, असा माझा अनुभव आहे.

औषधवालीने मला स्कूटरवर बसवून येथे आणले. वाटेत म्हणाली, “साहेब, हलू नका हो. औषधाच्या बाटल्या बऱ्या, त्या गप्प बसतात.” मी तिला वळताना हात दाखवायला सांगत होतो. ती गोदामाच्या मागच्या जिन्यावर थांबली आहे. मिठागराच्या कडेने जी पायवाट आहे तिच्या टोकाला नावाडी उभा आहे. त्याच्या होडीने ती तुझ्याकडे येईल, पत्र तुझ्या हातात देईल आणि तुला बसमध्ये बसवील. तिने बसवेपर्यंत तू कोणासाठी थांबू नकोस. माझ्यासाठी तर नाहीच.

पोहोचल्यावर मला कळवू नकोस. तुझा नवा पत्ता मला कधीच सांगू नकोस. तज्ज्ञबाईंनाही मी सांगून ठेवले आहे, मी विचारले तरी सांगायचे नाही. शेजारणीपाशी ठेवलेला तो निरोप बरोबर होता. या गोष्टीचा राग धरून मी इतकी वर्षे बसलो, ती वर्षे मात्र उगाच गेली.

बांधावरून पांढरी गाडी येते आहे. एकटीच आहे. सावकाश येते आहे, प्रत्येक दारावर पाटी शोधत. औषधवाली जिन्यावरून म्हणते आहे, “साहेब, सही करा आता, नाहीतर तुमच्याबरोबर मीही अडकेन.”

करतो.

तुझा थोरला भाऊ,
अण्णा

ठिकाण: दार क्रमांक ११, वजनकाट्याच्या गोदामावरची खोली, मिठागराचा रस्ता, नदीपलीकडे.
दिनांक: १ मार्च.